लोणच्याची बरणी आणि ओटो ब्रेंडलचा गुडघा

'घरटी एक चिठ्ठी. ती घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाने टाकायची. का म्हणून विचारायचं नाही.'

हा नियम माझ्या झाकणावर मार्करने लिहिलाय. मी एक बरणी. जन्माने लिंबाच्या लोणच्याची, पेशाने लेस्टरच्या मराठी मंडळाची मतपेटी. लोणचं संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर शशीकाका यांनी मला घासलं. वास काही गेला नाही. वर्षभर मी हॉलमधल्या सिंकखाली ब्लीचच्या बाटलीशेजारी पडून असते. जूनमध्ये मला बाहेर काढतात आणि मंडळात लोकशाही येते.

मुलांच्या फुटबॉल स्पर्धेला सर्वांत लोकप्रिय निवृत्त खेळाडूचं नाव द्यायचं, म्हणून हे मतदान. चौदा वर्षं जर्मनीचा ओटो ब्रेंडलच जिंकतोय. त्याचा एकही गोल इथे कुणाला आठवत नाही. पण मंडळ पडलं निवृत्त डॉक्टरांचं. ते खेळाडूला त्याच्या मेडिकल नोट्सवरून ओळखतात.

"गुडघ्याची तीन ऑपरेशन्स," शशीकाका दरवर्षी सांगतात, "आणि फिजिओची एक अपॉइंटमेंट चुकवली नाही पठ्ठ्याने."

"त्याच्याच वेळचा ब्राझीलचा तादेऊ काय वाईट होता?" कुणीतरी विचारतं.

"पोट बघितलंत का त्याचं आता?" यमुनाकाकू म्हणतात. "शुगर असणार, लिहून घ्या."

"आणि हॉलंडचा फेर्मेर?"

"सिगारेट." विषय संपतो.

यंदा मोजणी वरदाकडे आली. तेवीस वर्षांची ही मुलगी दर शनिवारी चिखलात उभी राहून मंडळाच्या एकतीस मुलांना फुटबॉल शिकवते. तिने मुलांकडूनही चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि सरळ माझ्यात टाकल्या. इतकी गच्च मी लोणचं असतानाही भरले नव्हते.

"तादेऊ सव्वीस, ब्रेंडल एकवीस, फेर्मेर सहा," तिने वाचलं.

"मुलांच्या चिठ्ठ्या बाजूला काढ," शशीकाका म्हणाले. "नियमात बसत नाहीत."

"काका, स्पर्धा खेळणार कोण?"

"तो प्रश्न वेगळा. लोकप्रिय म्हणजे लोकांना प्रिय."

"मग मुलं कोण आहेत?"

"मुलं ती मुलं. तू ब्रेंडलचं नाव वाच आणि सही कर बघू. कपावर ते गेल्याच आठवड्यात कोरून आणलंय."

वरदाने कागद हातात घेतला. मला वाटलं, आता ही वाकणार. मोठ्यांसमोर सगळेच वाकतात, मी बघत आलेय.

तिने तो कोराच शशीकाकांपुढे ठेवला. "मी सही करणार नाही. शनिवारी नऊला मैदानावर या, आणि 'तुमची मतं आम्ही मोजली नाहीत' असं मुलांच्या तोंडावर तुम्हीच सांगा."

शशीकाकांनी यमुनाकाकूंकडे पाहिलं, काकूंनी खिडकीकडे. आयुष्यभर दुसऱ्यांना 'श्वास रोखून धरा' सांगणारी ती सगळी माणसं स्वतःच श्वास रोखून बसली.