आता मला कुणी दाबत नाही

मित्रांनो, मी एक जुनी बॅकस्पेस आहे. हो, तीच! लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात बसलेली, लिहिलेलं पुसणारी. हसू नका, मलाही आयुष्य आहे.

जन्म कारखान्यातला. अंगावर पांढराशुभ्र बाण होता. बाळकृष्णकाकांनी आमचा लॅपटॉप इथल्या सेक्टर १७ च्या बाजारातून आणला तो लेकीसाठी. लेक म्हणजे निशिगंधा, युनिव्हर्सिटीत एम.ए. करणारी. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि लिहायचं मात्र इंग्रजीत! एक वाक्य लिहायची, मला दाबायची, पुन्हा लिहायची. माझा बाण पार झिजला.

"काय दशा केलीस गं या बटणाची!" काका म्हणायचे.

"बाबा, तेच तर माझं लाडकं आहे."

मी अशी फुगले म्हणता!

मग एक निबंध आला, आपल्या शहरातल्या एखाद्या कामावर. निशी शहरातल्याच मनीमाजऱ्याच्या बाजारात रजया भरणाऱ्या बाईंपाशी दुपारभर बसली. वर्गात येऊन हिंदीतून सांगितलं, की त्या बाई कापसापेक्षा सुनेलाच जास्त पिंजतात. सगळे खदखदून हसले. उर्मिला मॅम म्हणाल्या, "हेच लिही. सेमिनारमध्ये तूच वाचायचं."

तिने लिहिलं. साधं, अडखळत, पण तिचं. कँटीनमध्ये तिच्या वर्गातला ओजस स्क्रीनवर वाकला. घर मराठी, पण वाढला इथेच.

"निशी यार, ये क्या है? पाचवीतली मुलगी लिहिते असं!"

"मला येतं तसं लिहिलंय."

"फॉरेन लँग्वेज में कोई खुद लिखता है क्या? सगळे एआयकडून लिहून घेतात. मॅम हसतील तुला, पक्का."

निशीचे कान लाल झाले. तिने सगळं निवडलं आणि मला दाबलं. एकदाच. रजया, कापूस, त्या बाई, ती सून, सगळं गेलं. माझ्या हातून झालेलं सर्वांत मोठं काम ते, आणि लाजही त्याचीच वाटते. त्या जागी क्षणात एआयचं गुळगुळीत इंग्रजी येऊन बसलं. त्यात पुसायला काहीच नव्हतं.

पुढच्या तासाला मॅमनी निबंधांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "सगळे एकाच माणसाने लिहिलेत का? एकही चूक नाही आणि एकही माणूस नाही. निशिगंधा, तुझ्या रजईवाल्या बाई कुठे गेल्या?"

 मागून ओजस म्हणाला, "मॅम, थंडी गेली, तो वो भी गईं!"

वर्ग हसला. निशीपण हसली. तेच मला फार लागलं. सेमिनारमध्ये तिचं नाव नव्हतं.

आता ती भराभर निबंध देते. मला आरामच आराम! जळो तो आराम. माझ्यावर धूळ बसलीय.

मित्रांनो, परक्या भाषेत चुकलं तर लाज कसली? चुका, पुसा, पुन्हा लिहा, माझ्या बहिणींना झिजवा. कुणाच्या लॅपटॉपवर कोऱ्या बाणाची बॅकस्पेस दिसली, तर तिला छान ठेवलीय म्हणून कौतुक करू नका. तिथे कुणी लिहीतच नाही.