मिटलेली दोन बोटं

माझ्या मुलाच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाजवायला पियानोच्या पट्ट्यांवर ठेवली की आपोआप आत वळतात. चहाचा कप धरताना सरळ, शर्टाची बटणं लावताना सरळ, "आई, पुरे आता" म्हणून मला हात दाखवताना तर फारच सरळ. पण घरचा पियानो असो की चर्चमधला ऑर्गन, पट्टी लागली की गोगलगायीला मीठ लागावं तशी मिटतात. डॉक्टर म्हणाला, हात ठणठणीत आहे, डोकं चुकीचं शिकलंय. मी म्हटलं, "मग डोक्याला परत शाळेत घाला." डॉक्टर हसला. मुलगा हसला नाही.

पोट वाजवण्यावरच आहे त्याचं. सकाळी मुलांना शिकवायचं, कुणाचं लग्न, कुणाची मयत, आणि रविवारी उपासनेला ऑर्गन. शिवाय स्वतःच्या चाली करतो. भांडी घासताना नळ बंद करून ऐकत उभा राहतो, तेव्हा सून मला खुणेने गप्प करते. मला! घरात सुरांवर त्याचं राज्य. संध्याकाळच्या प्रार्थनेचं गीत मी जरा वर धरलं की आतल्या खोलीतून ओरडणार, "आई, खाली!" लहानपणापासून ओरडतोय. मला अक्षरं जेमतेम येतात, सुरांचं लिहिणं तर मुळीच नाही. पण चर्चमध्ये दुसरा आवाज गाते ती मीच. मुख्य चाल वर असते, तिच्याखालून जाणारा तो दुसरा आवाज. माझ्यासारख्या बाईला खालून जायला लावतो तो देवच.

बोटं वर्षभर वळत राहिली, तेव्हा पाळकसाहेबांनी त्याला उपासनेत पुढे बोलावलं. डोक्यावर हात ठेवला, सगळी मंडळी उभी राहिली, रडली. पुढच्या रविवारी त्याने स्वतःची नवी चाल वाजवली. काय सांगू! इतकी साधी, इतकी मोकळी, की मागच्या बाकावर रोज पेंगणारे म्हातारेही ताठ बसले. चाल संपली आणि पाळकसाहेब उठून म्हणाले, "पाहा! प्रभूने हात बरा केला!" चर्च दणाणलं. बायका येऊन माझे हात धरू लागल्या.

मी हात सोडवून घेतले. मला कळलं होतं. वाजत होतं तेव्हा मी सवयीने दुसरा आवाज गुणगुणायला गेले, तर पायाखाली पायरीच नाही. एरवी बोटं अडखळली तरी उजव्या हाताने तो चाल आणि माझा सूर दोन्ही धरतो. आज तीन बोटांत फक्त चाल होती, आणि चालसुद्धा तीन बोटांना झेपेल अशी, शेजारशेजारच्या सुरांची. ज्याला सगळे देवदूतांची शांतता म्हणत होते, ती माझी रिकामी जागा होती.

घरी आल्यावर विचारलं, "बरं झालंय म्हणालास तू?"

"मी काहीच म्हणालो नाही."

"तेच विचारतेय. बरं नाही झालं, असं का नाही म्हणालास?"

तो जोडे काढत होता. एक काढला आणि तसाच बसला. "आई, ती चाल करताना वाटत होतं, प्रभू शेजारी बसलाय. म्हणतोय, तीन बोटं आहेत ना, तीन बोटांत कर. वर्षात पहिल्यांदा वाटलं. मग हे सगळे ओरडले. कुणाला नाही म्हणू?"

"आणि आता?"

"आता शेजारी कुणी नाही."

पाळकसाहेबांचा निरोप आला, येत्या रविवारी त्याने साक्ष द्यावी, हात कसा बरा झाला ते सगळ्यांपुढे सांगावं. सून म्हणाली, "अहो, देऊन टाका, म्हणा थोडं बरं आहे." तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई मुलीला कडेवर घेऊन आली. मुलगी सात वर्षांची, कडेवर घ्यायच्या वयाची नाही, पण पाय धरत नाहीत.

"दादा, एकदा हात ठेवा हिच्यावर. तो बरा झालेला हात."

"ताई, बरा नाही झालेला." त्याने पियानो उघडला, हात ठेवला, वळलेली बोटं तिला दाखवली. "बघा."

बाईने बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. "मुद्दाम वळवताय. रविवारी आम्ही ऐकलं ना. देवाने दिलेलं दुसऱ्याला वाटून द्यायचं नसेल तर तसं सांगा."

माझं तोंड म्हणजे पट्टा, सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या मुलीचे लोंबणारे पाय दिसले आणि मला एक शब्द सुचला नाही. तो उठला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आत गेला. बाई खूश होऊन गेली. त्याहून वाईट काही मी पाहिलेलं नाही.

रविवारी चर्च भरलेलं. शिवणवाली पहिल्या बाकावर, मुलगी शेजारी. पाळकसाहेबांनी नाव घेतलं. तो साक्षीला उभा राहिलाच नाही, ऑर्गनवर बसला आणि ते जुनं मोठं स्तुतिगीत सुरू केलं, ज्याला पाचही बोटं लागतात. मंडळी गायला उठली. मला लगेच कळलं काय करतोय ते. दुसऱ्या ओळीत चाल उंच उडी घेते. तिथे त्याची बोटं मिटली आणि दोन पट्ट्या एकदम किंचाळल्या. माझा आवाज मोठा आहे. मी छाती भरून गायले असते तर निम्म्या लोकांना कळलं नसतं, आधी कितीदा तसं सांभाळून घेतलंय. मी तोंड मिटलं. तो परत सुरुवातीला गेला, परत तिथेच मोडला. तिसऱ्यांदा गाणारं कुणी उरलं नव्हतं.

"बरा नाही झालो," तो म्हणाला. एवढंच.

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, विश्वास डळमळला की मिळालेलं परत जातं, आपण याच्यासाठी प्रार्थना करू. मंडळीने माना हलवल्या. म्हणजे चमत्कार झाला होता तो झालाच होता, आमच्याच घराने घालवला. शिवणवालीने मुलीला उचललं आणि माझ्या अंगावरून गेली. हाक मारली तर वळली नाही. पुढच्या आठवड्यापासून दुसरा वाजवणारा येणार, हे आम्हाला दारातच कळलं.

घरी मी म्हटलं, "ती तुझी तीन बोटांची वाजव. माझ्यासाठी."

"तिच्यावर आता ते ओरडणं बसलंय आई. वाजवली की तेच ऐकू येतं." त्याने पियानोचं झाकण लावलं. सुनेने त्यावर वाळलेल्या कपड्यांची चळत ठेवली.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. डोळे मिटून मी गीत धरलं, आणि पहिल्याच शब्दाला कळलं, फार वर गेलंय. दुसऱ्या ओळीत आवाज फाटणार. मी तशीच चढत राहिले, आतल्या खोलीकडे कान लावून. आत तो जागा होता, खुर्ची करकरली.

आवाज फाटला. आतून कुणी ओरडलं नाही.