भावोजींचे भारीतले शब्द

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, रोज सकाळी इंग्रजीचे दहा शब्द पाठ करायचे. साधेसुधे नव्हेत, भारीतले. आरशावर चिकटवलेला कागद बघत दाढी करता करता घोकायचे आणि संध्याकाळपर्यंत ते दहाही कुणाच्या तरी गळ्यात मारायचे. भाजी अळणी झाली की ‘इन्सिपिड’. ताई बिचारी कौतुक समजून हसायची.

आम्ही एकाच लाँड्रीत कामाला होतो. हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. भावोजी सुपरवायझर, मी घड्या घालणारी. चार वर्षांपूर्वीपर्यंत रजेचा साधा अर्जही ते माझ्याकडून लिहून घ्यायचे. तेव्हापासून मी त्यांच्या डोळ्यांत खुपत होते.

त्या आठवड्यात इस्त्रीच्या मोठ्या रोलरपुढची, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली लोखंडी जाळी मोडली. नवी यायला चार दिवस लागणार होते, आणि काम थांबवायचं नव्हतं. मेकॅनिकने पाटीवर खडूने लिहून ठेवलं, ‘गरम आहे. हात लांब ठेवा.’

भावोजींनी ते पुसलं. ‘ही काय भाषा झाली? मोठ्या हॉटेलांची माणसं येतात इथे.’

त्यांनी इंग्रजीत छापलेला बोर्ड लावला. ‘एक्सरसाइज अटमोस्ट सर्कमस्पेक्शन.’ मला त्यातला पहिला शब्द तेवढा कळला, आणि तो व्यायाम करा असं सांगत होता. विचारलं असतं तर त्यांनी अर्धा तास शिकवणी घेतली असती. तो आनंद मी त्यांना दिला नाही.

दुसऱ्या दिवशी एक नवी बाई कामावर आली. बोर्डाकडे बघून तिने मला विचारलं, ‘काय लिहिलंय हो?’

‘साहेबांची हुशारी,’ मी म्हणाले. ती हसली आणि कामाला लागली. तासाभराने गुंडाळली गेलेली चादर सरळ करायला तिने हात पुढे केला. चार बोटं भाजली.

तिला दवाखान्यात पाठवल्यावर मालकीणबाई खाली आल्या. बोर्डासमोर उभ्या राहिल्या.

‘याचा अर्थ काय?’

‘अत्यंत सावधगिरी बाळगा,’ भावोजी म्हणाले. घाम फुटला होता, तरी शब्दाचा अर्थ सांगताना मान ताठ झालीच.

‘कशापासून?’

भावोजींनी रोलरकडे बोट दाखवलं.

‘गरमला इंग्रजीत काय म्हणतात, ते येतं ना तुम्हाला?’

‘येतं.’

‘मग?’

‘तो फारच साधा शब्द आहे, मॅडम.’

सोमवारपासून भावोजी मागच्या खोलीत मळक्या चादरींचे गठ्ठे सोडायला बसले. बोर्ड निघाला, खडूची पाटी परत आली. घरी त्यांनी या प्रकारालाही काहीतरी चार अक्षरी इंग्रजी नाव दिलं. ताईने ते शेजारणीला सांगितलं, बढती मिळाल्यासारखं.

पुढच्या रविवारी मी त्या बाईला भेटायला गेले. एका खोलीचं घर, दारातच चपलांचा ढीग. जाताना वाटेत मी भावोजींची नक्कल जुळवून ठेवली होती. म्हटलं, तेवढीच ती हसेल. मी सगळं सांगितलं, आरशावरच्या कागदासकट. ती हसली नाही.

‘त्यांचं जाऊ दे,’ ती म्हणाली. ‘जाळी मोडलीय, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?’

‘होतं.’

पट्टी बांधलेला हात तिने मांडीवर घेतला. मी अजून दारातच उभी होते. तिने मला बस म्हटलं नाही.