जपानहून आलेली लेक

शिवमनं बाटली आणली ती कापडात बांधून. शिवम माझा धाकटा भाऊ, अकोल्याचा. कंपनीनं त्याला ट्रेनिंगला जपानला पाठवलं होतं. तिकडे म्हणे भेटवस्तू रुमालात गुंडाळून वर गाठ मारतात. जांभळं रेशीम, पांढरी फुलं, आणि गाठ अशी की डोक्यावरून पदर घेतल्यासारखी.

आमच्याकडे, राजापेठेत, नवीन काहीही घरात आलं की त्याला हळदकुंकू लागतं. फ्रिजला लागलं, स्कूटीला लागलं, कुकरलाही. मी माझ्या लहानग्या छकुलीला झोपवून बाहेर आले तोवर सासूबाईंनी त्या बाटलीला पाटावर बसवलं होतं. लुगडं नेसलेली दिसली म्हणून नुसत्या कुंकवावर भागवलं नाही. खण, नारळ, तांदूळ. ओटीच भरली.

"आई, ती व्हिस्की आहे," पियुष म्हणाला. पियुष म्हणजे माझा नवरा.

सासूबाई थबकल्या. मग म्हणाल्या, "असन. पन माह्या हातानं ओटी भरली ना आता? ओटी भरली म्हंजे लेक झाली. लेकीची कोनी मान मुरगयते का?"

माझा हिरमोड झाला. छकुलीचं अंगावरचं दूध सुटलं तेव्हाच शिवमनं फोनवर शब्द दिला होता, "ताई, एक गार ग्लास. तू बसून प्यायचा." बसून! व्हिस्कीपेक्षा मला तो शब्दच जास्त आवडला होता.

शिवमनं समजावून पाहिलं. "मावशी, काही महागाची नाही. तिथं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, लोक कामावरून येताना घेऊन येतात. जवाची वेगळी, मक्याची वेगळी करायची, लाकडी पिंपात मुरवायची, मग हलक्या हातानं मिसळायची. घसा जाळत नाही. ग्लासभर बर्फ, एक भाग ही, तीन भाग सोडा. चमचा एकदाच फिरवायचा, बस."

"चिवडाच झाला मंग," सासूबाई म्हणाल्या. "पोहे येगळे, दाने येगळे. गुनाची हाय पोरगी."

पोरगीला कूलरसमोर बसवलं. पाठीला चांगली उशी दिली. सासरे, महादेवराव, पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "प्रवासात तरास नाही ना झाला, बाई?" आणि उत्तराची वाट पाहत राहिले. शेजारच्या पार्वताबाई डोकावल्या.

"बोलत कावून नाही वं हे?"

"नवी हाय. लाजून राह्यली," सासूबाई म्हणाल्या.

पार्वताबाईंनी तिला शुक्रवारचं हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं. पियुषनं हळूच हात पुढे केला तर आईनं दटावलं, "बाईमानसाजवळ असा भसकन जाऊ नको बे!"

मला मात्र हुकूम आला, लेकीसाठी पुरण घाल.

मी डाळ शिजायला ठेवली, कणीक मळायला घेतली. दारातून ती दिसत होती. कूलरच्या वाऱ्यानं तिची पांढरी फुलं हलत होती. सकाळपासून मला कुणी 'टेक जरा' म्हटलं नव्हतं. एका बाटलीचा हेवा वाटला मला, खरंच. वाटलं, मीही कुणाची तरी लेकच आहे. अकोल्याला माहेरी जाताना इथून डबाभर करंज्या नेते. आईनं तो डबा उघडलाच नाही तर मी रडेन तिथेच.

तशीच कणकेच्या हातांनी बाहेर आले.

"आई, लेक सासरहून रिकाम्या हातानं येते का?"

"नाही."

"मग हिनं शिदोरी आणलीय. आत आहे. आपण तशीच परत पाठवली तर हिची सासू काय म्हणेल?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. "बरोबर हाय सूनबाईचं. जपानात आपली इज्जत राह्यनार नाही."

सासूबाईंनी सगळ्या पुरुषांना भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि मगच रुमालाची गाठ सोडली.

"शिदोरी पह्यले घरच्या सुनेले," त्या म्हणाल्या. "बस."

मी बसले. शिवमनं बर्फ घातला, सोडा ओतला. पियुष पळत जाऊन कोपऱ्यावरून गिला वडा घेऊन आला, वर दही, वर चटणी. पहिला घोट घेतला. आधी नुसता गारवा, मग किंचित मध, मग ओल्या लाकडासारखा वास. वड्याच्या तिखटावर दुसरा घोट तर असा उतरला की मी डोळे मिटले. घाई नव्हती. ग्लासाबाहेरचं पाणी मनगटावरून ओघळत होतं.

सासूबाईंनी चमचाभर चाखली. "गोड हाय सासर हिचं," म्हणाल्या. मग बाटलीकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. पियुष, शिवम आणि सासरे, तिघांनीही ग्लास भरून घेतले होते.

"सुकली वं पोरगी! माहेरी येऊन सुकली. लोकं काय म्हनतीन?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्या गळ्याच्या हाडाकडे, कणीक वाळलेल्या बोटांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"अन् तू बी सुकली," त्या हळूच म्हणाल्या. "पुरन मी पाह्यतो."

आत छकुली रडली. मी उठायला लागले तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि स्वतः गेल्या. माझ्या ग्लासातला सोडा अजून चुरचुरत होता.