बिनमिठाची आमटी

साल १९८२, वैशाख. समुद्राकाठच्या वटार गावात शंकरच्या वाडीत केळी घडांनी वाकल्या होत्या आणि घरात रोज मारहाण चालली होती.

कारण आमटीचं. बायको नर्मदा मीठ ओतते, असं शंकरचं म्हणणं. आधी त्याने ताट भिंतीवर फेकलं, मग तिच्या पाठीत लाथ घातली. सासू रखमाबाई चुलीपाशी बसून म्हणाली, "माहेरी मिठागरं आहेत का गं तुझ्या? हात आवर."

नर्मदा हात आवरतच होती. चिमूट अर्धी केली, मग त्याहून कमी. तरी आमटी खारट. नवी नवरी म्हणून आली तेव्हा याच विहिरीचं पाणी ती ओंजळीने प्यायली होती. शहाळ्याने मान खाली घालावी, असं गोड. ते इतकं हळूहळू बदललं की पिणाऱ्यांची जीभ सरावली, आटलेल्या आमटीतच खारटपणा लागायचा; पाणी बिघडेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. जेवण बिघडलं की बाईचा हात तपासायचा, विहीर कोण तपासतो?

विहीर दोघा भावांत सामाईक. एक दिवस पाळी शंकरची, एक दिवस धाकट्या भालचंद्राची. भालचंद्राने वाडी शिंपणं सोडून दिलं होतं. आपल्या पाळीला इंजिन लावून तो टँकर भरायचा आणि स्टेशनजवळच्या नव्या इमारतींना पाणी विकायचा. कुणी हरकत घेतली नाही. त्याच्या पाळीचं पाणी, विकेल नाहीतर ओतून देईल.

एका दुपारी नर्मदाचा ओठ फाटला. दुसऱ्या दिवशी तिने आमटीत मीठ घातलंच नाही. शंकरने एक घास घेतला, उठला आणि तिचे केस धरले.

"मारा," ती म्हणाली. "पण आधी आईंना चाखवा. आज मिठाचा कणसुद्धा घातलेला नाही."

रखमाबाईने बोट बुडवून चाटलं. मग माठातलं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकली.

"सोड तिला, शंकर. विहिरीत समुद्र आलाय."

कुंपणापलीकडून शेजारीण पॉलिन म्हणाली, "अगं बाय, मी खारट कालवणावरून सुनेला आठवडाभर शिव्या देतेय. आता तिची माफी मागू की काय?"

शंकरने केस सोडले. राग सोडला नाही, त्याला दुसरी जागा मिळाली एवढंच. कोयता उचलून तो विहिरीवर गेला. नर्मदा मागोमाग धावली.

टँकर भरत होता. शंकरने पहिला घाव रबरी पाइपावर घातला. ड्रायव्हर लोखंडी पाना घेऊन उतरला. "पागल हुआ क्या?" म्हणत त्याने शंकरचा डावा खांदा फोडला. भालचंद्र मध्ये पडला.

"दादा, माझ्या पाळीचं पाणी आहे."

"पाळी गोड्या पाण्याची होती. तू तळ उपसलास, म्हणून खारं आत शिरलं," शंकर म्हणाला आणि त्याने कोयता चालवला. भालचंद्राने हात आडवा धरला. तीन बोटं विहिरीच्या काठावर पडली.

शंकरने पुन्हा कोयता उगारला, तेव्हा नर्मदाने त्याच्या पोटात डोकं घालून त्याला चिखलात पाडलं आणि कोयता विहिरीत भिरकावला. "भाऊजी, हात वर धरा," म्हणत तिने पदर फाडून जखम बांधली.

ड्रायव्हर पळाला तो पुन्हा दिसला नाही. विहीर गोडी झाली नाही. केळीची पानं कडेने करपली आणि वाडी बसली. रखमाबाई दोन वर्षांनी पोटाच्या दुखण्याने गेली. पॉलिनने सुनेची माफी मागितली नाही, पण शिव्या थांबवल्या. सात बोटांच्या भालचंद्राने स्वतःचे टँकर घेतले, पूर्वेकडच्या डोंगराखालून पाणी आणून वटारलाच विकलं आणि बंगला बांधला. शंकर ठाण्याच्या तुरुंगातून सुटून आला. आमटीबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही. एकदा मात्र त्याने हात उगारला. नर्मदा चटणी वाटत होती. तिने वरवंट्याने त्याचं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं.