लिंबाच्या वासाचा स्पंज

"काका, तुम्हालाच पिंपात पाण्यासकट बसवून ट्रकमध्ये चढवलं तर चालेल का?"

घर बदलायला सामान हलवणाऱ्या मुकादमाला हे तोंडावर विचारून दाखव, असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, तिने विचारलं. चार हमालांदेखत, कमरेवर हात ठेवून!

मुकादम हसला. "माशांची टाकी भरलेलीच उचलतो, ताई. काही होत नाही."

"तळाची काच तडकली, की तुमचं 'काही होत नाही' पुसायला फडकं कोण आणणार?"

हमाल फिदीफिदी हसले. मुकादम टाकी सोडून पलंगाकडे वळला. आमची स्वारी जाम खूश!

आठवडाभर तिने तयारी केली होती. पाच मासे. प्रवासात पाणी घाण होऊ नये म्हणून त्यांना कालपासून कडक उपास. झाकणाची बादली, तीत टाकीतलंच जुनं पाणी. आणि सगळ्यात महत्त्वाचा फिल्टरमधला स्पंज. माशांच्या घाणीतलं विष जिरवणारे जंतू त्यातच राहतात. तो जुन्या पाण्यात भिजलेला नेला, तरच नव्या घरातल्या टाकीत मासे तगणार. डब्यात घालून तो तिने ओट्यावर ठेवला होता.

ती स्वयंपाकघरात गेली. डबा पालथा. स्पंज खिडकीत चिमट्याला लटकलेला, स्वच्छ, लिंबाच्या साबणाचा घमघमाट सोडत.

"शी, किती बुळबुळीत होता गं!" आई हात पुसत म्हणाली. "ती घाण नव्या घरात कशाला? गरम पाण्याने दोनदा घासला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई! त्या बुळबुळीवरच जगत होते मासे! डब्यावर चिठ्ठी लावली होती ना, 'हात लावू नये'? एवढ्या ठळक अक्षरात!"

"मला वाटलं, ती बाबांसाठी आहे."

"माझ्यासाठी कशाला?" बाबा खोक्याला चिकटपट्टी लावत आत आले. "जाऊ दे गं. हे गेले तर तिकडे नवे घेऊ. पाच काय, दहा घेऊ."

गेले तर! जणू जुने मोजेच. मग तिने आईचा फोन उचलला, जीवशास्त्राच्या बाईंना लावला, दोन मिनिटं बोलली, मासे जाळीने बादलीत घेतले आणि बादली उचलली.

"कुठे निघालीस? ट्रक सुटेल आता!"

"सुटू दे. मासे शाळेच्या प्रयोगशाळेत राहणार, तिथल्या टाकीत. बाई हो म्हणाल्या, रविवारी उघडूनही देणार आहेत. नव्या घरची टाकी तयार व्हायला महिना, दीड महिना लागेल. ती मीच तयार करणार आणि दर रविवारी बसने येऊन ह्यांना बघून जाणार. तोवर त्या टाकीला तुम्ही दोघांनी बोटसुद्धा लावायचं नाही. ठरलं माझं."