सरकारी वकिलांच्या दारातला बाक

मित्रांनो, म्हैसुरात कोर्टाला लागूनच असलेल्या सरकारी वकिलांच्या कचेरीबाहेर भिंतीला टेकलेला तो जुना सागवानी बाक मीच. एच. डी. कोट्याकडच्या जंगलातलं माझं लाकूड. नवा होतो तेव्हा लोक कौतुकानं हात फिरवत. आता एक पाय आखूड झालाय. एका टोकाला कोणी हललं की दुसरं डुगडुगतं. दुरुस्तीची आठवण कोणाला होत नाही. साक्षीदारांच्या तळहातांचा घाम मात्र रोज माझ्या कडेला लागतो.

यंदा कायद्याच्या कॉलेजातली सहाना इथं इंटर्नशिपला आली. पिढ्यान्पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या रंगाऱ्यांच्या घरातली मराठी पोर. खटल्यातलं काही दाराबाहेर न्यायचं नाही, हे वकील गिरिजा मॅडमनी आल्या आल्या बजावलं होतं.

एका दुपारी ती माझ्यावर बसून आईशी फोनवर बोलत होती, मराठीत. घरची भाषा म्हणजे तिला दारावरचा पडदाच वाटे.

“सुम्मने, उगाच काळजी करतीस, अम्मा. जेवले मी. आमच्या खटल्यात उद्या कमलाक्षीची साक्ष. आरोपीला त्या पोराला मारताना पाहिलेली ती एकटीच. घाबरलीये बिचारी. जयलक्ष्मीपुरमला बहिणीकडे उतरलीये, गणपतीच्या देवळामागं.”

दुसऱ्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ कन्नड पेपर वाचत होते. ते हलकेच उठले. मी डुगडुगलो, पण सहानानं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमलाक्षीनं कोर्टात सांगितलं, मी काहीच पाहिलं नाही. बाहेर येऊन ती माझ्यावर टेकली नि सहानाला कन्नडमध्ये म्हणाली, “आरोपीचे काका, शंभूराव, काल नारळ घेऊन दारात आले. माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून, काही पाहिलं नाही असंच सांगेन, अशी शपथ घ्यायला लावली. अक्का, पत्ता कोणी दिला त्यांना?”

तेवढ्यात कालचे ते पेपरवाले म्हातारे गृहस्थ समोरून गेले. “हेच ते,” कमलाक्षी कुजबुजली. सहानाकडे पाहून ते शुद्ध मराठीत म्हणाले, “आज जेवलीस ना, बाळ?”

सहानाचा चेहरा उतरला. ती खाली मान घालून मॅडमच्या कचेरीत गेली. दार उघडंच होतं.

“मी मराठीत बोलले, मॅडम. इथं कोणाला कळतंय, असं वाटलं.”

“म्हैसुरात मराठी तुझ्या एकटीच्या परसात पिकते काय?” मॅडमचा आवाज चढला नाही. “कमलाक्षीला पुन्हा साक्षीला बोलवायचं तर कोर्टाला कारण द्यावं लागेल. तुझं नाव येईल. कॉलेजलाही कळेल.”



“येऊ दे नाव,” सहाना म्हणाली.

मलाही लाज वाटत होती. दोन्ही टोकं माझीच ना.

पुढच्या तारखेपर्यंत कमलाक्षीच्या बहिणीच्या दारात पोलीस बसला होता आणि सहानाची इंटर्नशिप सुटली होती. तरी ती आली. बसायला वाकली, तशी कमलाक्षीनं आपली पिशवी मध्ये ठेवली. सहाना उभीच राहिली.

नावाचा पुकारा झाला. कमलाक्षी उठली, पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, “लक्ष ठेवशील?” आणि कोर्टात गेली.

सहाना पिशवीवर हात ठेवून बसली. शेजारच्या कोर्टातून कमलाक्षीचा आवाज आला, “होय. मी पाहिलं.”

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त कराल तेव्हा करा. पण कोणी आपलं भय तुमच्या ओंजळीत दिलं, तर देवापुढच्या दिव्यासारखं ते दोन्ही हातांनी झाका. वारा घरातलाही असतो.